आईच्या हसण्यावर चालणारं यंत्र

एल्म प्रेअरी, आयोवा
२ नोव्हेंबर, शनिवार

आदरणीय ट्वायलाताईस,

धाकट्या आर्लिसचा नमस्कार. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत, तिकडे ॲरिझोनात तुम्ही दोघंही ठीक असाल असं धरून चालते. लोवेल भावजींची पाठ कशी आहे? (लांबलचक नको. दुखते की नाही एवढं एका ओळीत कळव.) तुझ्या अंगणातल्या त्या काटेरी झाडाला फूल आलं का, हेही विचारायचं असतं म्हणून विचारते. आईची तब्येत चांगली आहे, भूक चांगली आहे, आणि जीभ तर कधी नव्हती एवढी चांगली आहे.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तर या आठवड्यात कुठल्याही यंत्रात तोंड घालून बोलायचं नाही असं मी ठरवलंय. कारण पुढे येईलच. शिवाय तुझा फोन मला दर वेळी निरोप ठेवायला सांगतो, आणि मला निरोप ठेवता येत नाही, मला फक्त बोलता येतं. नववीत शाळा सोडलेल्या बाईच्या अक्षराला हसू नकोस. आणि आधीच सांगून ठेवते, या पत्रात तुझ्याकडे काहीही मागितलेलं नाही. उगाच शेवटचं पान आधी उघडू नकोस.

सगळ्याचं मूळ तू आहेस. गेल्या वर्षी भिकारी रात्रीला, म्हणजे तीस ऑक्टोबरला पोरं वेष करून दारोदार विनोद सांगत चॉकलेट मागतात त्या रात्री, आपल्या दारात चार पोरं आली. चार. त्यातली दोन जुळी होती आणि त्यांनी एकच विनोद अर्धा-अर्धा वाटून घेतला. बाकी सगळा गाव रेल्वेरुळांच्या पलीकडे, त्या नव्या वस्तीत. तिथे दारं जवळजवळ आहेत आणि अख्खं चॉकलेट देतात, आपल्यासारखं बोटाएवढं नाही. (तुमच्याकडे पोरं विनोद न सांगताच पिशवी पुढे करतात म्हणे, तेही एकतीस तारखेला. त्याला आमच्याकडे चोरी म्हणतात.) आई सहाच्या भोंग्यापासून आठच्या भोंग्यापर्यंत मांडीवर वही घेऊन बसून होती. तीच वही, १९६६ पासूनची. पोराचं नाव, वय, कसला वेष, कुठला विनोद, आणि शेवटी आईचा शेरा. चार ओळी लिहिल्या आणि पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. आणि यंदा सप्टेंबरात तू तिला फोनवर म्हणालीस, ‘आई, या वयात कशाला ती दगदग, यंदा दारातला दिवा लावूच नकोस.’ तुला वाटलं तू मायेनं बोललीस. तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘ट्वायला म्हणते ते बरोबर आहे. यंदा दिवा नको.’ आणि वही शिवणाच्या पेटीत घातली, अगदी तळाशी, लोकरीच्या गुंड्यांखाली.

दारात दिवा नाही म्हणजे या घरी येऊ नका, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. बाई जिवंत आहे, खुर्चीत बसली आहे, सूप गार झालं म्हणून माझ्याशी भांडते आहे, आणि दिवा नको म्हणते. मला ते चाललं नाही. (विनोदांचं मला काडीचं कौतुक नाही, हे तुला ठाऊक आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरं रोज माझ्या खिडकीशी येतात, एकही मला हसवायला बघत नाही, आणि तेच बरं आहे. रांग पुढे सरकते.) मी म्हटलं, ‘दिवा लागणार आणि पोरं येणार.’ ती म्हणाली, ‘चार?’ मी म्हटलं, ‘चाळीस.’ ‘आणि नाही आली तर?’ मी फणकाऱ्यात म्हणून बसले, ‘तर पुढे कायमचा बंद ठेव.’ तिनं लगेच हात पुढे केला आणि आम्ही हातावर हात मारला. आता आईशी लावलेली पैज मोडता येत नाही. तुझी सायकल त्यातच गेली होती, आठव.

तर चाळीस पोरं आणायची कुठून? इथे माझा नवरा डेल्मर उठला. उठला म्हणजे खुर्चीतूनच. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो धान्याच्या कोठारावर जात नाही, दिवसभर फोनवर दुसऱ्या माणसांना यंत्रं बनवताना बघतो. तीस वर्षं मका खालून वर चढवलेला माणूस, त्याला काहीतरी चढवल्याशिवाय करमत नाही. म्हणाला, ‘आर्लिस, हे दोन दिवसांचं काम आहे.’ (त्याच्या दोन दिवसांत न्हाणीघराची फरशी अजून व्हायची आहे.)

पहिलं त्यानं काय केलं, तर गावच्या पोरांच्या फोनात हल्ली एक नकाशा असतो, कुठल्या दारात काय मिळतं ते दाखवणारा, त्यावर आपल्या घराची भोपळ्याची खूण लावली आणि खाली लिहिलं, ‘अख्खी चॉकलेटं.’ म्हणजे मला अख्खी आणावी लागली. मग दाराला ती डोळ्याची घंटा बसवली, जिच्यातून बाहेरचा माणूस दिसतो आणि त्याच्याशी बोलताही येतं. आईला दारात गारठ्यात उभं राहायला नको, खिडकीशी खुर्चीत बसूनच ऐकता यावं म्हणून त्यानं ती घंटा तिच्या कानातल्या यंत्रांना जोडली. इथवर मी मान्य करते, डोकं चाललं. फक्त एवढंच झालं की दारात कुणी कुजबुजलं तरी ते थेट आईच्या कानात. चर्चमधल्या दोन बायका केक ठेवायला आल्या आणि घंटा वाजवण्याआधी माझ्या स्वभावाबद्दल काही बोलल्या, ते आईनं मला जेवताना शब्दन् शब्द सांगितलं, वर ‘पहिली म्हणाली ते खरं आहे’ असंही सांगितलं. पोस्टमन दारात एकटाच गुणगुणत होता, त्याला आतून ‘सूर खाली घे’ असा आवाज आला. आता तो पत्रं कुंपणावरूनच टाकतो.

तिसरं म्हणजे यंत्र. समोरच्या दाराची वरची काच काढून डेल्मरनं त्यातून कोठारातला मका चढवायचा मळसूत्राचा पाइप बाहेर काढला. आत पत्र्याचं मोठं नरसाळं, त्यात तीनशे चॉकलेटं, वर स्क्रू मारून झाकण. (झाकण का? तर तो स्वतः रात्री उठून खातो म्हणून. निदान हे त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.) एकदा बसल्यावर दार उघडत नव्हतं. मी म्हटलं, ‘आग लागली तर?’ तो म्हणाला, ‘मागचं दार आहे की.’ आणि पाइप चालणार कशावर, तर आईच्या हसण्यावर. तिच्या खुर्चीशेजारी एक डबी ठेवली, ती आईचं हसू ऐकते आणि मोटर फिरवते. पोरानं विनोद सांगायचा, आई हसली की चॉकलेट पडणार. रिवाजही राहिला आणि उठायलाही नको. डेल्मरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे सांगताना.

पण डबीला आधी हसू शिकवावं लागतं. तीन दिवस संध्याकाळी डेल्मर तिच्यासमोर बसून विनोद सांगत होता आणि डबीचा दिवा लुकलुकत होता. आई त्याच्याकडे बघत बसायची, गाय आगगाडीकडे बघते तशी. चौथ्या दिवशी तो डबी उचलायला वाकला, उठताना वरच्या दिव्यावर डोकं आपटलं, दिवा झुलून परत आला आणि पुन्हा त्याच जागी लागला. तेव्हा आई हसली. तुला ते हसू माहीत आहे. बाबा गोठ्यातल्या शेणात बसले होते तेव्हाचं. पोटातून येणारं, आवाज वर चढत जातो आणि मग नुसता श्वास राहतो. डबीनं ते घेतलं. डेल्मर कपाळावर बर्फ धरून म्हणाला, ‘झालं. आता हिला आईचं हसू कळतं.’

कळत होतं ते तेवढं एकच, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

बुधवारी सहाला अग्निशामकाचा भोंगा झाला आणि आईनं पेटीतून वही काढायला लावली. केस विंचरले होते तिनं. मी दिवा लावला आणि मागे स्वयंपाकघरात गेले, कारण बुधवारी आमच्याकडे चिलीचं खिमा-राजम्याचं कालवण आणि दालचिनीचे रोल, भुतं येवोत की न येवोत. पहिलं पोर आलं, अंगाला पुठ्ठे बांधून ट्रॅक्टर झालेलं. त्यानं विनोद सांगितला. आई ‘हं, हं’ करून हसली, पोरांसाठी हसते ना, ओठांतल्या ओठांत, तसं. लिहून घेतलं. म्हणाली, ‘छान. घे हं बाळा.’ पाइपातून काही आलं नाही. पोर वर पाइपात बघत राहिलं. त्यानं दुसरा सांगितला. ‘हं, हं.’ काही नाही. तो गेला. मग एक मधमाशी, एक नळदुरुस्तीवाला, एक नुसतंच अंगावर चादर घेतलेलं. सगळ्यांना हं हं, आणि हात रिकामे. आईला वाटत होतं चॉकलेटं पडतायत. तिच्या कानात पोरांचा आवाज होता, पाइपाचा नव्हता. डेल्मर आत नरसाळ्यापाशी बसून पुस्तिका वाचत होता. साडेसहापर्यंत वहीत अकरा नावं झाली आणि चॉकलेट एकही नाही.

आता ऐक, इथे त्या नकाशानं काय केलं. कुठल्याशा पोरानं आपल्या खुणेखाली लिहिलं की या घरातली आजी हसतच नाही, पाच विनोद सांगितले, काही देत नाही. दुसऱ्यानं लिहिलं, सात सांगितले. मला वाटलं संपलं, कोण येतंय आता. तर पोरांचं डोकं आपल्यासारखं चालत नाही, ताई. अख्खी चॉकलेटं देणारी दहा घरं सोडून ती नव्या वस्तीतून रूळ ओलांडून आली. का, तर न हसणारी आजी. पावणेसातला आपल्या पायऱ्यांपासून कुंपणापर्यंत रांग. बाप मंडळी पिशव्या धरून मागे उभी, आणि तेही एकमेकांना विनोद सुचवतायत. मी खिडकीतून बघितलं आणि डोकी मोजली. (मी पैज जिंकायला बघत होते, दुसरं काही नाही.) वहीत सव्वीस नावं झाली होती.

तेवढ्यात रांगेच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. इनेझ म्हणून एक पाच वर्षांची, मक्याचं कणीस झाली होती, डोक्यावर खऱ्या मक्याची सालं. तिचा विनोद असा, की भुताला शाळेत का घेत नाहीत, तर हजेरीच्या वेळी दिसत नाही. बरा आहे की. तिनं चार वेळा सांगितला. दर वेळी घंटेतून आई म्हणायची, ‘फार छान गं, घे,’ आणि दर वेळी पाइप गप्प. पोरीला वाटलं आजी खोटं बोलते.

रडवायचं ते मी रडवते, शाळेत, आणि तेही भाजी टाकली तर. हे मला चाललं नाही. दार उघडेना, म्हणून चिलीचा डाव हातात तसाच घेऊन मागच्या दारानं, घरातल्या चपला घालून ओल्या पानांवरून पुढे आले. पोरं मला ओळखतात, रांग आपोआप सरळ झाली. मी घंटेच्या डोळ्यात बघून म्हटलं, ‘आई, हस.’

घंटा म्हणाली, ‘कोण आहे?’

‘आर्लिस. मोठ्यानं हस, यंत्र अडकलंय.’

‘तू बाहेर काय करतेस? चिली लागेल.’

‘तू आधी हस.’

‘असं सांगून हसू येतं होय? काहीतरी सांग हसण्यासारखं.’

‘मला नाही येत सांगता.’

‘ते मला माहीत आहे,’ आई म्हणाली. सगळ्या गावासमोर.

मग मी जे केलं ते शहाण्या बाईनं करू नये. मी त्या पाइपाला लाथ घातली. पाइप हलला नाही. माझी चप्पल उडाली, पानावरून दुसरा पाय सरकला, आणि डेल्मरनं पायरीवर कोरून ठेवलेला जो मोठा भोपळा होता (जत्रेत दुसरा आलेला) त्यात मी बसले. वर नाही बसले, आत बसले. टोपण गेलं, मी गेले, आणि मेणबत्ती विझली ती माझ्यामुळेच. उठता येईना. डाव हातात उभाच.

आई खिडकीतून बघत होती. मग घंटेतून ते हसू आलं. पोटातलं. वर चढत जाणारं. रस्त्याच्या पलीकडे कुत्री भुंकायला लागली. आणि डबीनं ते ओळखलं, डेल्मरची डबी, आणि तीनशे चॉकलेटं मका यावा तशी पाइपातून आली, थेट माझ्या डोक्यावर. ती मला बघून आणखी हसायची, पाइप आणखी ओतायचा. मी ओरडत होते, ‘आई, थांब,’ आणि आतून डेल्मर ओरडत होता, ‘चाललं, चाललं.’ कणसानं रडणं थांबवून पिशवी माझ्या मांडीला लावली. पोरीला अक्कल आहे. बाकीची तुटून पडली. दोन बापांनी हातांना धरून मला भोपळ्यातून उपटलं, तेव्हा नरसाळं रिकामं होतं आणि निम्मी रांग विनोद न सांगताच चॉकलेटं वेचून पळाली होती. तिथेच माझी चाळीस बुडाली.

सात वाजून दहा मिनिटं झाली होती. डेल्मरनं स्क्रू काढले, पाइप ओढला, दार उघडलं. आणि आई घोंगडी घेऊन स्वतः बाहेर आली, वही काखेत. म्हणाली, ‘खुर्ची आणा. त्या कानातल्यात पोरांची तोंडं दिसत नाहीत.’ द्यायला घरात होते ते दालचिनीचे रोल. हल्ली घरचं कुणी घेत नाही म्हणतात, पण माझ्या हातचं ही पोरं रोज दुपारी खातात, त्यामुळे बापांनीही घेतले. पण रोलसाठी कोण रूळ ओलांडतंय. एक, दोन करत आली. आई प्रत्येकाला गुडघ्याशी उभं करायची, नाव विचारायची, विनोद ऐकायची, हं हं करायची, लिहायची. मी मागे उभी राहून खांद्यावरून मोजत होते. पस्तीस. अडतीस. आठला चार मिनिटं कमी असताना डायनासोर झालेलं एक दोन वर्षांचं आलं, त्याला बोलताच येत नव्हतं, ते नुसतं गुरगुरलं. आईनं तेही लिहिलं. एकोणचाळीस.

आणि भोंगा झाला. रस्ता रिकामा. मी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. (थंडीनं डोळ्यांत पाणी येतं, तुला माहीत नसेल, तुमच्याकडे थंडी नाही.) आईनं वही मिटली, हात लांब करून दिवा बंद केला, नियमाप्रमाणे. झोपायला गेली. मी केसांतून चॉकलेटाचे कागद काढत बसले.

गुरुवारी पहाटे शाळेत जायला उठले तर वही स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडी. एकोणचाळीसच्या खाली आणखी एक ओळ होती. ‘४०. आर्लिस, वय ५६. वेष: स्वयंपाकीण. विनोद: भोपळ्यात बसली. शेरा: पोट दुखेपर्यंत.’ आणि शेजारी किराण्याच्या यादीत, दूध आणि लोण्याच्या खाली, तिच्याच अक्षरात: दारासाठी मोठा बल्ब, हा मिणमिणता आहे.

तेव्हा तू पुन्हा तिला फोनवर दिव्याबद्दल काही बोलू नकोस, एवढंच सांगायला हे पत्र. भावजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
आर्लिस

ता. क. डेल्मर पुढच्या वर्षी पाइपाला झडप बसवणार म्हणतो. मी नरसाळं सरळ कोठारावर परत पाठवलंय. घंटा राहू दे म्हटलं, चर्चच्या बायका परत यायच्या आहेत.

आणखी एक ता. क. काही मागणार नाही म्हटलं होतं, पण आता हात दुखतोच आहे तर लिहून टाकते. त्या वहीत मी लहानपणापासून सात वेळा आहे, कारण आपण शेवटी आपल्याच दारात यायचो. सातही वेळा आईचा शेरा ‘विसरली, पण दिलं.’ आणि यंदाचा विनोद काही मी सांगितलेला नाही, मी त्यात बसले होते. तर पुढच्या भिकारी रात्रीला मला दारात उभं राहून तिला एक सांगायचा आहे. धड, शेवटासकट. पाठांतराला वर्ष आहे. घरात विनोदी तूच होतीस, म्हणून एक चांगला लिहून पाठव. दोन ओळींपेक्षा मोठा नको, मला झेपणार नाही.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी वही मागे चाळून बघितली. १९६७, ट्वायला, वय ६, वेष: टपाल पेटी, गायीचा विनोद. आईचा शेरा: ‘हसू आलं नाही, पण हसले.’ तेव्हा तुझ्याकडचा राहू दे. लोवेल भावजींना विचारून पाठव.